शेजारी टॉवर होऊ नये म्हणून को-ऑपमध्ये पैसे भरावेत का?

तुमचा प्रश्न: न्यूयॉर्कमध्ये को-ऑप (आपल्या हाउसिंग सोसायटीसारखं) फ्लॅट घेताय, बाजूची बुटकी बिल्डिंग वाढू नये म्हणून तिचे एअर राइट्स, म्हणजे वर अजून बांधायचे उरलेले हक्क, सगळ्यांनी मिळून विकत घ्यायचं चाललंय, वाट्याला बरीच रक्कम येतेय आणि मिस्टर म्हणतात "हवेचे कसले पैसे?"

हे वाचलं आणि पोळ्या ठेवून टायपायला बसले, कारण डिट्टो हेच वाक्य मी 2016 ला आमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकलंय.

आम्ही चेल्सीत, नववा मजला, सी लाइन, म्हणजे एकावर एक येणाऱ्या सी नंबरच्या घरांची रांग. बिल्डिंग पहिल्या महायुद्धानंतरची. बेडरूमला पूर्वेला दोन खिडक्या आणि शेजारी चारमजली जुनी इमारत, त्यामुळे सकाळचं ऊन थेट पलंगावर. लांब एम्पायर स्टेटचं टोक दिसायचं, पण त्याचं कौतुक पाहुण्यांना. मला ऊन हवं होतं. त्या खिडकीत मी जानेवारीत कढीपत्ता जगवलाय, आता बोला.

तर शेजारच्या मालकाने बोर्डाला विचारलं, माझा उरलेला एफएआर घेता का. एफएआर म्हणजे आपला एफएसआय हो, प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा. अडीच हजार स्क्वेअर फुटांचा प्लॉट, एफएआर 5, म्हणजे साडेबारा हजार बांधता येतं, त्याने दहाच बांधलंय, तर उरलेलं विकता येतं. फक्त मुंबईतला टीडीआर, म्हणजे असाच विकलेला बांधकामाचा हक्क, लांबच्या प्लॉटवर जाऊन बसतो, इथे साधारणपणे लागूनच्याच प्लॉटला देता येतो. रस्त्याकडच्या ए लाइनवाल्यांनी लगेच हात वर केले, आमच्या खिडक्यांना काय धोका, आम्ही का भरू. मग ठरलं की सी लाइनच्या अकरा घरांनीच काढायचे. प्रत्येकी 38 हजार डॉलर. आठ घरं तयार झाली. आमचं घर नाही, कारण ह्यांचं म्हणणं, गिरगावात आमच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत होती, आम्ही काय मेलो? आणि वर कायदा शिकवला. 20 वर्षं उजेड वापरला की हक्क लागतो, या खिडक्या नव्वद वर्षं आहेत, कोण बंद करतंय बघतो.

तो कायदा आहे, पण भारतातला, 1882 चा ईझमेंट अ‍ॅक्ट. इंग्रजांकडून आलेली ती कल्पना अमेरिकेतल्या कोर्टांनी कधीच टाकून दिलीय. इथे शेजारच्याने त्याच्या हद्दीत नियमाप्रमाणे बांधलं तर तुमचा उजेड गेला, संपलं. आणि आमच्या खिडक्या लॉट लाइनवर, म्हणजे बरोब्बर हद्दीच्या भिंतीत. अशा खिडक्या बेडरूमच्या कायदेशीर उजेडात मोजतच नाहीत आणि शेजारी चढला की बुजवाव्या लागतात. ऑफरिंग प्लॅनमध्ये, म्हणजे फ्लॅट विकताना देतात त्या माहितीच्या जाड पुस्तकात, छापलेलं होतं. वाचलं कोणी?

शेवटी आमचं काही जमलं नाही, ते हक्क गेले पलीकडच्या हॉटेलवाल्याला, दोन्ही प्लॉट जोडून त्याने टॉवर चढवला आणि 2019 ला आमच्या खिडक्या विटांनी बुजल्या. खर्च को-ऑपचा, म्हणजे आमचाच. नंतर ब्रोकरला बोलावलं तर म्हणाला दोन बेडरूम लिहिता येणार नाही, एक बेडरूम आणि होम ऑफिस लिहा. ह्यांनी त्या खोलीत भारीतले दिवे लावलेत, दिवसासारखा उजेड पडतो म्हणतात. मी त्या खोलीत झोपत नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर भरा. पण नुसते एअर राइट्स घेऊन गप्प बसू नका. उद्या शहराने एफएआर वाढवला तर शेजाऱ्याला परत नवीन मिळतो. डिसेंबर 2024 ला सिटी ऑफ येस नावाचे शहराचे नवे बांधकाम नियम पास झाले त्यात परवडणारी घरं दिली तर कितीतरी भागांत 20 टक्के जास्त बांधता येतं. म्हणून करारात उंचीची मर्यादा किंवा उजेड-हवेचा ईझमेंट, म्हणजे शेजारच्या जागेवरून उजेड-हवा मिळण्याचा लेखी हक्क, हवा, पुढे वाढणाऱ्या एफएआरचं काय तेही लिहिलेलं हवं, आणि तो करार सिटीच्या अ‍ॅक्रिसवर (मालमत्तेच्या कागदपत्रांची सरकारी नोंद) नोंदवलेला हवा. सिटीच्या झोला या ऑनलाइन नकाशावर शेजारच्या प्लॉटचा झोन फुकट बघता येतो. वकील तुमचा स्वतःचा घ्या, बोर्डाचा नको.

हां, एक राहिलं. तो मालक आमचा आकडा दाखवून हॉटेलवाल्याकडून भाव वाढवून घेत असेल असं मला नंतर वाटायला लागलं, शिवाय अजून दोन घरंही नाही म्हणाली होती, म्हणजे आमचे 38 हजार दिले असते तरी खिडक्या वाचल्या असत्याच असं नाही. हे मी घरात बोललेले नाहीये. आणि तुमच्या खिडक्या रस्त्याकडे किंवा मागच्या यार्डकडे असतील तर मिस्टरांचंही थोडं बरोबर असू शकतं, मग घासाघीस करा. खिडकी नक्की कुठल्या भिंतीत आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीये.