पॅक-१२ फुटली म्हणून ओरेगन स्टेट सोडू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ओरेगन स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट, दोन्हीकडे एमएसला प्रवेश मिळालाय. ओरेगन स्टेटच्या ‘पॅक-१२’ या ‘कॉन्फरन्स’मधले बहुतेक सभासद निघून गेले आणि टीव्हीचा पैसा आटला, असं बाबांनी वाचलं. आता त्यांना धास्ती आहे की हे विद्यापीठच बसायचं.

बाबांना आधी हे सांग की ही कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा खेळापुरता गट आहे. पदवीची मान्यता देणारी संस्था निराळी असते आणि फुटबॉलचा संघ कोणाशी खेळतो याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. तुझा आय-२० (व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद) किंवा ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची परवानगी) यांनाही त्याने धक्का लागत नाही. तरी त्यांची शंका अगदीच फुकाची नाही, कारण या पैशाची झळ एका ठिकाणी विद्यार्थ्याच्या खिशाला लागते. ते ठिकाण कळायला हा धंदा कसा चालतो हे बघावं लागेल.

फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. सामन्यांचे टीव्ही हक्क एकेकटं विद्यापीठ विकत नाही. गट मिळून विकतो आणि रक्कम सभासदांत वाटतो, आयपीएलच्या हक्कांतून संघांना वाटा मिळतो तसंच. फरक इतकाच की इथे संघ उठून दुसऱ्या लीगमध्ये जाऊ शकतो. १९८४ पर्यंत हक्क एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मुठीत होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून गटागटांत ओढाताण सुरू आहे.

पॅक-१२ त्यातच गेली. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या गटात जात असल्याचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसचा प्रेक्षकच गेला, मग गटाला भाव कोण देणार? ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, सुमारे ७०० कोटी डॉलरचा करार केला. पॅक-१२ च्या हाती वर्षभराने अ‍ॅपलचा प्रस्ताव आला, तोही मुख्यतः स्ट्रीमिंगचा. तिकडे बिग १२ हा आणखी एक गट सभासदामागे वर्षाला ३ कोटी डॉलरच्या वर देत होता. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन (तुझं ओरेगन स्टेट नव्हे) आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे. पहिल्या दोघांनी तर सुरुवातीला जेमतेम अर्ध्या वाट्यावर जायचं कबूल केलं. बर्कली आणि स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. हसू येतं, पण विमानभाडं खरंच भरावं लागतं.

मागे राहिल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. अभ्यासात कमी म्हणून नव्हे. कोर्व्हॅलिस आणि पुलमन ही लहान गावं, टीव्हीवाल्यांना तिथे गिऱ्हाईक दिसत नाही. दोघींनी कोर्टात भांडून गटाचा कारभार आपल्याकडे ठेवला आणि बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरेंना घेऊन जुलै २०२६ पासून गट नव्याने बांधायचं ठरवलं. तरी पूर्वीच्या मोठ्या करारांचा पैसा परत येईल असं मला वाटत नाही.

आता तुझ्या खिशाचं. टीव्हीचा पैसा आला म्हणून ट्यूशन कमी होत नाही. तो प्रशिक्षकांचे पगार, स्टेडियम आणि प्रवास यांत जिरतो. शिवाय जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाचं खातं तुटीत गेलं की भर विद्यापीठ घालतं, नाहीतर विद्यार्थ्यांची फी. व्हर्जिनिया राज्याला तर अशा फीवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आणि मोठ्या गटात गेलं म्हणजे पैशाची चिंता मिटली असंही नाही. टूसॉनच्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाने (हे तुझं अ‍ॅरिझोना स्टेट नव्हे) महामारीत आपल्या खेळ विभागाला साडेपाच कोटी डॉलर उसने दिले होते, आणि बिग १२ मध्ये जायचं ठरल्यावर काही महिन्यांतच रोकड टंचाईची कबुली दिली.

म्हणून दोन्हीकडे ‘मँडेटरी फी’ची यादी उघड आणि खेळासाठी वेगळी रक्कम आहे का बघ. टीए किंवा आरए (शिकवण्यातली किंवा संशोधनातली असिस्टंटशिप) मिळालं तर ट्यूशन माफ होते, पण ही फी पुष्कळदा माफ होत नाही. विभागाला लेखी विचार: माझ्या असिस्टंटशिपमध्ये कुठली फी धरली आहे? उत्तर ईमेलवरच घे, फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नकोस.

सामन्याच्या शनिवारी हॉटेलं महागतात, पार्किंग मिळत नाही; आईबाबा शरद ऋतूत येणार असतील तर वेळापत्रक बघून तिकिटं काढा. स्टेडियममध्ये खाण्याच्या स्टॉलवर काम मिळेल असं कोणी सांगितलं तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. ठेकेदाराकडची नोकरी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर चालेलच असं नाही.

बाकी निवड गाइड, लॅब आणि पैशाची हमी बघून कर. दोन्ही पत्रं मला पाठव, फीच्या ओळी मी वाचून सांगतो.