बाटलीतल्या कॅप्सूल

"मॅडम, लिव्हरसाठी झाडपाल्याचं औषध चालूय. मग थोडी घेतली तर काय होतंय?" हा प्रश्न कानावर आला नाही असा एक महिना जात नाही. विचारणारा बहुतेकदा चाळिशीतला, कमावता, घर सांभाळणारा. शेजारी बायको, पदराचं टोक पिळत बसलेली.

त्यातलेच एक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीची कामं घेणारे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. मित्रानं सिलिमरिन सुचवलं. मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांमधला हा घटक. "आठवड्यातनं दोनदाच बसतो. बसायच्या आधी दोन कॅप्सूल टाकतो. काळजी घेतोय की!"

मी वाद घातला नाही. अडवलं की माणूस दारूची वकिली करायला लागतो, हे मी इतक्या वर्षांत पक्कं शिकले आहे. फक्त कॅप्सूलची बाटली घेऊन यायला सांगितलं.

तिसऱ्या भेटीत बाटली आली. 60 कॅप्सूलची, 30 दिवसांपूर्वी फोडलेली. "मोजा," म्हटलं. त्यांनी झाकण उलटं ठेवलं आणि त्यात एकेक कॅप्सूल टाकत गेले. आठ भरल्या.

"52 गेल्या."

"एका वेळी दोन ना?"

ते बराच वेळ झाकणाकडे बघत राहिले. "26 दिवस," अगदी हळू म्हणाले.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या, "मी सांगत होतो तवा खरं वाटत नव्हतं."

कॅप्सूल हातात आली की त्यांच्या मनाला पिण्याची परवानगी मिळायची, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ते झटकलं असतं. आकडा त्यांच्याच तोंडून आला, म्हणून तो टिकला.

आता तुमच्यासाठी. लिव्हर दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी असतं. कॅप्सूल आधी घेतली म्हणून हे नुकसान टळत नाही. सिलिमरिनवर अभ्यास झालेत, पण पिणं चालू ठेवून लिव्हर वाचवेल असा पुरावा नाही. काही वनौषधींनी उलट लिव्हरला इजा झाल्याचीही नोंद आहे. म्हणून काय घेताय ते डॉक्टरांना सांगाच. खरी आशा पिणं थांबवण्यातच आहे. दारूमुळे झालेलं साधं फॅटी लिव्हर दारू सोडल्यावर बहुतेकदा काही आठवड्यांतच सुधारायला लागतं.

पण रोज पिणाऱ्यानं जिद्दीनं एका रात्रीत बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात. आमच्या या गृहस्थांनाही मी आधी फिजिशियनकडे पाठवलं, मगच दारू सोडायची तारीख ठरवली. कुणाकडे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीचा 14446 हा टोल-फ्री नंबर लावा. घरातल्या बाईनं लावला तरी चालतो.