ग्रहणाचे ‘वेध’ लागतात, ‘सुतक’ नव्हे

प्रश्न आला आहे तो असा: “चंद्रग्रहणाच्या दिवशी बातम्यांत ‘सूतक काळ दुपारपासून सुरू’ असं सांगत होते. आमच्या घरी ‘वेध लागले’ म्हणतात. दोन्ही एकच का? शिवाय पत्रिका बघणारे गुरुजी म्हणाले, ‘रवी अकरावा आहे, उत्तम, पण त्याला वेध आहे.’ हा वेध ग्रहणाचाच का?”

दोन्ही एक नव्हेत, आणि हे सांगून सांगून मी थकलो आहे. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा स्पर्श, म्हणजे सुरुवात, रात्री ९:५७ ला होता. त्या दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यात थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोण गेलं हो? वॉचमन म्हणाला, सुतक लागलंय.” काकूंचं काहीच चुकलं नाही. मराठी कानाला सुतक म्हणजे मरणाचं; जन्माचं ते सोयर. म्हणून तर ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ म्हणतो आपण. हिंदीतला ‘सूतक काल’ जसाच्या तसा उचलायचा आणि घरातला चांगला शब्द अडगळीत टाकायचा, याला काय म्हणावं?

यावर संस्कृत जाणणारे हमखास एक वचन तोंडावर फेकतात: ‘सर्वेषामेव वर्णानां सूतकं राहुदर्शने’. म्हणजे शास्त्रातच सूतक आहे, मग तुमची तक्रार काय? तक्रार ही, की आपणच म्हटलेल्या ओळीतला शेवटचा शब्द या मंडळींनी वाचलेला नाही. ‘राहुदर्शने’ ही सप्तमी विभक्ती आहे: राहू दिसत असताना. म्हणजे स्पर्शापासून मोक्षापर्यंत, ग्रहण सुटेपर्यंत. दुपारी चंद्र उगवलेलाही नसतो, तिथे राहूचं दर्शन कुठून होणार? स्पर्शाआधीच्या काळाला धर्मशास्त्रातही ‘वेध’ असाच शब्द आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये पुऱ्या केलेल्या ‘धर्मसिंधू’त तो आहे: चंद्रग्रहणाला तीन प्रहर (एक प्रहर साधारण तीन तासांचा), सूर्यग्रहणाला चार. तेव्हा ‘दुपारपासून सूतक’ हे मराठीत चूक आहे आणि संस्कृतातही चूकच आहे.

(सूतक मुळात ‘सू’ धातूपासून, प्रसूतीतलाच. म्हणजे शब्द जन्माचा आणि मराठीत येऊन मरणाचा झाला. हा प्रवास स्वतंत्रपणे लिहिण्यासारखा आहे, पण आज नको.)

आज वेध. याचा धातू व्यध्, म्हणजे भोसकणं, आरपार जाणं. कान टोचतात तो कर्णवेध. विंधणं, विंधण विहीर, मण्याला पाडलेलं वेज, सगळं याच कुळातलं. नजर ताऱ्यापर्यंत जाऊन रुतते, म्हणून वेध घेणं आणि वेधशाळा. आणि या कुळातला मला सर्वांत लाडका शब्द आकाशातच आहे: व्याध. हिवाळ्यात रात्री गच्चीवर जा. मृगाच्या चौकोनात तीन तारे एका ओळीत दिसतील, तो मृगाच्या पोटात रुतलेला बाण. ती ओळ खाली वाढवत नेली की सगळ्या आकाशात सर्वांत तेजस्वी तारा लागतो, तो व्याध. ज्याने वेध केला तो व्याध. धातू, कर्ता आणि बाण असं सारं व्याकरण एका नजरेत मावतं. हे दाखवायला मी भाच्याला थंडीत तासभर उभं केलं होतं, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

मग ग्रहणाला वेध का? ‘वेध म्हणजे अडथळा’ असं सांगून कोशवाले मोकळे होतात. मला ते पटत नाही. माझं मत असं, की याची किल्ली एकादशीत आहे. पंचांगात कधीकधी एकच एकादशी लागोपाठ दोन दिवस दिलेली असते, आधी स्मार्त आणि मग भागवत. का? तर दशमी पुढे सरकून एकादशीत घुसते, तिला ‘विद्ध’ करते. भागवत मंडळींच्या, म्हणजे वैष्णवांच्या, हिशेबाने सूर्योदयाआधीच्या चार घटिकांत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमी शिल्लक असली तरी ती एकादशी विद्ध. एक काळ शेजारच्या काळात टोक खुपसतो, तो वेध. ग्रहणही तसंच करतं, फक्त उलट दिशेने: रात्रीचं ग्रहण आपलं टोक दुपारपर्यंत मागे खुपसतं. अजून घडलेलं नाही, पण रुतलेलं आहे. ‘पोरांना सुट्टीचे वेध लागले’, ‘वारकऱ्यांना पंढरीचे वेध लागले’ यांत अडथळा कुठे आहे? येणारी गोष्ट आधीच आत शिरली आहे, इतकंच. अडथळावाल्यांनी या दोन वाक्यांचं काय करायचं ते सांगावं.

माझी आजी वेध लागायच्या आधी दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीचं पान टाकायची, आणि रात्री गल्लीतून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी आली की सुपात धान्य घेऊन दारात जायची. तिच्या तोंडी ग्रहण ‘लागायचं’ आणि ‘सुटायचं’, वेध मात्र नुसते ‘लागायचे’, आणि कायम अनेकवचनी.

हां, तुमचा रवी. तो वेध ग्रहणाचा नव्हे, गोचरीचा, म्हणजे ग्रहांच्या राशींतून चालू असलेल्या भ्रमणाचा. जन्मराशीपासून रवी ३, ६, १०, ११ या स्थानी शुभ मानतात. त्यांची वेधस्थानं अनुक्रमे ९, १२, ४, ५. तुमची रास मेष असेल तर अकरावी कुंभ आणि पाचवी सिंह. रवी कुंभेत असताना सिंहेत दुसरा ग्रह असेल, तर तिथून त्याला वेध. शनीचा मात्र धरत नाहीत, बापलेक म्हणून. आता या चारही जोड्या मोजून बघा: रवीचा वेध दर वेळी बरोबर समोरच्या राशीतून, सातव्या घरातून येतो. म्हणजे बाण अगदी सरळ रेषेत!