कानाच्या पडद्याचं ऑपरेशन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये करावं का? तिथे शिकाऊ डॉक्टरच करतात ना?

भावाच्या पडद्याला छिद्र आहे आणि शिकाऊ डॉक्टर त्याच्यावर हात साफ करून घेतील, ही तुमची भीती. ईएनटीची रेसिडेन्सी मी अशाच हॉस्पिटलमध्ये केली, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो: हो, रेसिडेंट, म्हणजे हेच शिकाऊ डॉक्टर, ऑपरेशन करतात. पण पहिल्याच दिवशी पडद्याला कोणी हात लावू देत नाही.

सुरुवातीचे महिने ओपीडीत सक्शनने कान साफ करण्यातच जातात. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आधी कानामागचे टाके घालायचे. मग कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढायला शिकायचं; बहुधा तेच ठिगळ म्हणून पडद्याला लावतात. पडदा जेमतेम एक सेंटिमीटरचा, त्याच्यामागेच ऐकण्याची तीन हाडं आणि चेहऱ्याची नस. त्यामुळे ड्रिलचा सराव आधी मृतदेहाच्या हाडावर करून घेतात. मायक्रोस्कोपला कॅमेरा असतो. हातातलं हत्यार जरा चुकीकडे वळलं की शिकवणाऱ्या सरांना स्क्रीनवर दिसतं, आणि 'थांब, सरक बाजूला' ऐकलं की निमूट स्टूल सोडायचं. भूल फक्त कानापुरती असेल तर पेशंटलाही हे ऐकू जातं! भावाला आधीच कल्पना द्या, नाहीतर बिचारा उगाच घाबरेल.

मी तुमच्या जागी असतो तर कोण करणार यापेक्षा छिद्र कुठे आहे, हे आधी विचारलं असतं. छिद्र पडद्याच्या मध्यभागी असेल आणि कान सर्दीत वाहून थांबत असेल, तर सहसा घाई नसते. कान कोरडा करून सवडीने ऑपरेशन करता येतं. छिद्र वरच्या भागात किंवा अगदी कडेला असेल, पू थोडा पण घाण वासाचा असेल, तर कोलेस्टिआटोमाची शंका घेतात. त्यात आत साचलेली कातडी हाड पोखरत जाते. नुसता पडदा बसवून भागत नाही, कानामागचं मास्टॉइडचं हाड उघडून साफ करावं लागतं. हे लांबवू नका. अशा केसला मला तरी टीचिंग हॉस्पिटलच उजवं वाटतं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), सीटी स्कॅन, भूलतज्ज्ञ, वेळ पडली तर न्यूरोसर्जन, सगळे एकाच आवारात.

गैरसोय आहेच. तीच हकीकत तिघांना सांगायची, ऐकू येणं तपासायचा तोच 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तिघांकडून कानामागे टेकवून घ्यायचा. त्यात रेसिडेंट बदलत राहतात, म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनआधीचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) जपून ठेवा. नंतरच्या तपासणीची तुलना त्याच्याशीच होते.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तोवर कानात पाण्याचा थेंब नको, नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. चेहरा वाकडा वाटला किंवा गरगरून चक्कर येऊ लागली, तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.