नातवंडांना शेमा शिकवा, पण सुनेच्या नकळत नको

प्रश्न : आम्ही ज्यू. मुलाने ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न केलं. सून चांगली आहे, कशालाच आडकाठी करत नाही, पण तिला आमच्या धर्मात रसही नाही. नातू नऊ वर्षांचा, नात सहाची. त्यांचे आईवडील घरी नसले की मी दोघांकडून शेमा, म्हणजे आमची रोजची प्रार्थना, म्हणून घेते. परवा नातवाने विचारलं, ‘आजी, मी ज्यू आहे का?’ मला काही बोलता आलं नाही. हे सगळं माझ्याबरोबरच संपणार का?
– एक आजी

उत्तर : आजी, कडू तेवढं आधी सांगून टाकते. हे चोरून शिकवणं थांबवा. आई आली की गप्प बसायचं, म्हणजे यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, एवढंच मुलं त्यातून शिकतील. शिवाय सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात गुपित किती दिवस राहणार? मुलाला आणि सुनेला सरळ विचारा.

नातवाला उडवाउडवीचं उत्तर देऊ नका. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांत मूल आईवरून ज्यू ठरतं. अमेरिकेतल्या रिफॉर्म या उदार पंथाच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) 1983 मध्ये वेगळा निर्णय घेतला : आई किंवा वडील, कुणीही एक ज्यू असेल आणि मूल त्या रीतीने वाढत असेल, तर ते ज्यू. लहानपणी धर्मांतर करून घेण्याची वाटही आहे. तीन जणांचं धर्मपीठ असतं, मिक्वेत (शुद्धीच्या कुंडात) स्नान असतं, आणि मुलगा 13 वर्षांचा, मुलगी 12 वर्षांची झाली की ते नाकारताही येतं. पण ते ठरवायचं आईवडिलांनी, तुम्ही नाही. नातवाला सांगा, ‘मी ज्यू आहे, तुझे बाबाही. तुझ्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत.’ नऊ वर्षांच्या मुलाला दोन मतं असू शकतात हे कळतं, आपल्यालाच ते जड जातं.

आता तुमची खरी भीती. शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांत मुलग्यांना आशीर्वाद देतात तो ‘देव तुला एफ्राइम आणि मनश्शेसारखं करो’ असा. हे दोघं कोण? आपला पूर्वज याकोब, त्याचे नातू. जन्म मिसर देशातला (इजिप्तमधला), आई तिथल्या याजकाची मुलगी. म्हाताऱ्या याकोबाने त्यांना जवळ घेतलं आणि हे माझेच म्हणाला. तुमच्या घरासारखंच घर होतं ते, आणि आजही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून नावं त्यांचीच घेतात. (मुलींसाठी सारा, रिबका, राहेल आणि लेआ आहेत, म्हणजे नातही वंचित राहायची नाही.)

नुसतं पाठांतर करून घेण्यापेक्षा मुलांना पेसाह सणाच्या सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, बसवा. त्या रात्री सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायची असतात. हग्गादात, म्हणजे तेव्हा वाचायच्या पुस्तकात, चार मुलं आहेत. चौथ्याला विचारताच येत नाही, त्याच्यासाठी मोठ्यांनीच सुरुवात करायची. लपवलेली मात्झा (बिनखमिराची रोटी) शोधायला मिळते म्हणून मुलं जागी राहतात, तेही ठरवूनच केलेलं. हिब्रू येत नाही ही अडचण मानू नका. मुंबईत मराठी हग्गादा 1846 मध्येच छापली गेली होती. आणि सुनेलाही बसवा. तिला प्रश्न पडतील. कदाचित मुलांपेक्षा जास्त, आणि त्यांतल्या काहींची उत्तरं तुम्हालाही शोधावी लागतील.

सेदेरला अजून वेळ असेल. सुनेशी बोलणं मात्र या शुक्रवारच्या आधी उरकून घ्या.