नऊ हजारांचा फरक

मला सल्ल्यासाठी आलेलं एक पत्र असं आहे. थोडं कापलंय, गावाचा नि बँकेचा उल्लेख काढलाय.

"मावशी, मी तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. वय ३४. गेल्या महिन्यातला एक दिवस डोक्यातून जात नाही. सकाळी पोळ्या करताना गॅस संपला. स्कूटी पंक्चर. बँकेत पोचले तर उसाची बिलं जमा झालेली, बाहेरपर्यंत रांग आणि सर्व्हर डाऊन. दीड तास लोकांच्या शिव्या खाल्ल्या. संध्याकाळी कॅश हिशेबाशी मिळवून पाहिली तर ९,००० कमी. तीनदा मोजली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'पैसे कुठे जातात ते आम्हाला शिकवू नका, भरा आणि घरी जा.' मिस्टरांना फोन केला, ते पैसे घेऊन बँकेत आले. चौघांदेखत त्यांनी ते मोजून दिले. मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मुलाच्या हातून दूध सांडलं आणि मी त्याला थोबाडीत मारली. तो आठ वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशी व्हाउचर तपासताना सापडलं, की १२,००० चा भरणा २१,००० म्हणून नोंदला गेला होता. नोंद दुसऱ्या क्लार्कची, पास साहेबांनी स्वतः केलेली. साहेब म्हणाले, 'चला, मिळाले ना.' बस्स. मी रोज पहाटे प्राणायाम करते, देवाचं करते. त्या दिवशी काहीच कामाला आलं नाही. असा दिवस आला तर शांत कसं राहायचं? मी कुठे कमी पडले?"

तिने पत्राच्या शेवटी ताजा कलमही टाकलाय: "डबा तसाच परत आणला होता. सासूबाई म्हणाल्या, अन्न वाया घालवू नये."

बाळ, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? मीही ३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या पिंजऱ्यात. त्यामुळे तुझं पत्र वाचताना माझं पहिलं लक्ष तुझ्या मनाकडे गेलंच नाही, ते आकड्याकडे गेलं. नऊ हजार! अगं, त्या शाखेत एकालाही नऊचा पाढा आठवू नये?

मी १९८६ साली लागले तेव्हा सगळी खाती हाताने लिहायची. आमचे जुने हेड कॅशियर फरक निघाला की आधी चहा मागवायचे आणि मग विचारायचे, "नवाने भाग जातो का बघ." जात असेल तर पहिला संशय अंकांच्या अदलाबदलीवर. ४५ चे ५४ झाले तर फरक ९, १२,००० चे २१,००० झाले तर ९,०००. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला नवाने भाग जातोच जातो. नाही गेला, तर फरकाची निम्मी रक्कम व्हाउचरांत शोधायची, कारण जमेची नोंद नावे, म्हणजे उलट्या बाजूला, पडली की फरक दुप्पट दिसतो. तेही नाही, तर बरोबर तेवढ्याच रकमेचं व्हाउचर राहिलंय का पाहायचं. ही काही विद्या नव्हे, रांगेने करायच्या तीन गोष्टी. भाग गेला म्हणजे चूक तीच असेल असंही नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. तुमच्याकडे त्या संध्याकाळी दहा मिनिटं कुणी भरण्याच्या स्लिपा आणि नोंदी समोरासमोर लावल्या असत्या, तर तुझ्या नवऱ्याला बँकेची पायरी चढावी लागली नसती.

त्यांनी तसं केलं नाही, कारण त्या खोलीत एक माणूस शांत नव्हता. ती तू नव्हेस. तू तर तीन वेळा कॅश मोजलीस! तुमच्या साहेबांचं डोकं दीड तासाच्या सर्व्हरने आणि वरून आलेल्या फोनांनी तापलं होतं, त्यांना व्हाउचर दिसेना, समोर तू दिसलीस. आणि तू मला विचारतेस, मी कुठे कमी पडले. आपल्याकडची ही रीतच मला कळत नाही. ज्याच्यावर ओरडतात त्यानेच जाऊन ध्यान शिकायचं.

आता तुला कुणीतरी एकनाथांची गोष्ट सांगितलीच असेल. पैठणला नाथ गोदावरीत स्नान करून येत, एक माणूस अंगावर थुंकत असे, नाथ पुन्हा नदीवर जात, असं म्हणे १०८ वेळा झालं आणि नाथ रागावले नाहीत. माझ्या लग्नानंतर पहिल्या वर्षात मला ही गोष्ट निदान चार जणांनी ऐकवली, आणि चौघांनाही मी कशावर तरी रागावू नये असं वाटत होतं. पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं, की या गोष्टीत आपण थुंकी आणि क्षमा एवढंच ऐकतो. मधली नदी सोडून देतो. नाथांना दर वेळी गोदावरी होती गं. एकदा थुंकला, एकदा डुबकी. तुला त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत बाथरूमला जायला पाच मिनिटं मिळाली होती का? डबा उघडलाच नाहीस म्हणजे नसावीत. दहा तासांचं सगळं अंगावर तसंच घेऊन तू घरी आलीस आणि घरात सगळ्यात लहान माणसाच्या हातून दूध सांडलं.

म्हणून शांत कसं राहायचं यापेक्षा मला तुला विचारायचंय, तुझी नदी कुठे आहे?

माझी स्ट्राँगरूममध्ये होती. १० नोव्हेंबर २०१६ ची सकाळ आठव. ८ तारखेला रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या, ९ ला बँका बंद, १० ला आम्ही शटर वर करतोय तर रस्त्यापर्यंत माणसं. त्या शनिवारी-रविवारीही आम्ही बसलो होतो. पहिल्या दिवशी एका गृहस्थांना सांगितलं, बदलून चार हजारच मिळतील, बाकीचे खात्यात भरा. त्यांनी फॉर्म चुरगाळून जाळीतून माझ्या तोंडावर फेकला आणि जे बोलले ते इथे छापता येणार नाही. नियम मी केला नव्हता. माझ्या स्वतःच्या पर्समध्येही त्याच मेलेल्या नोटा होत्या. मी उठले, स्ट्राँगरूमची दुसरी किल्ली सांभाळणाऱ्या जॉइंट कस्टोडियनला म्हटलं कॅश काढायचीय, आणि आत जाऊन दहाच्या नोटांचं एक पाकीट मोजलं. शंभर नोटा. पहिल्यांदा ९७ आल्या. पुन्हा मोजल्या, १०१. तिसऱ्यांदा १०० आल्या तेव्हा बाहेर आले. पुढच्या दीड महिन्यात तेच पाकीट मी किती वेळा मोजलं असेल, देव जाणे. नोटा चुकतायत म्हणजे राग अजून हातात आहे, एवढं मला कळायचं. त्या गृहस्थांना क्षमा वगैरे मी केली नाही. अजूनही केलेली नाही. फक्त पुढच्या माणसाचे चार हजार बरोबर मोजले.

तुझ्या प्राणायामाचंही तेच सांगते. पहाटे साडेपाचला घर झोपलेलं असताना केलेला प्राणायाम पहाटेपुरता उत्तमच. पण त्याची पावती संध्याकाळी सातला दाखवून चालत नाही. तेव्हा पुन्हा करावा लागतो, तोही लोकांच्या नकळत. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे. म्हणून खोल श्वास घे म्हणणाऱ्यांचं अर्धंच ऐक. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. चार आकड्यांत घे, सात-आठ आकड्यांत सोड, पाच-सहा वेळा. जाळीमागे बसून पासबुकाकडे बघत करता येतं. साहेब बोलत असतानाही करता येतं, आणि त्यांना वाटतं आपण फार मन लावून ऐकतोय.

आणि डबा खा. रांग असली तरी. पाटी लाव, "दहा मिनिटांत येते", लोक ओरडायचे ते ओरडतीलच. दीड तास सर्व्हर बंद होता तेव्हा तू जाळीमागे बसून शिव्या खात होतीस, पोळी-भाजी खाल्ली असतीस तर सर्व्हरला कळलं नसतं. सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना सांग, अन्न वाया गेलं हे खरं, पण आधी मी वाया गेले.

आता ज्या गोष्टी त्या संध्याकाळी करायला हव्या होत्या त्यांबद्दल. तू गप्प बसलीस आणि त्याला शांत राहणं समजतेस. मी नाही समजत. तू दातावर दात दाबून बसलीस, आणि ते दात मुलाच्या गालावर उमटले. तुझ्या जागी मी पैसे लगेच भरले नसते. भरायचेच असते तर कागद मागितला असता. एवढंच लिहायचं: "आज रोजी रोख शिलकेत रु. ९,००० ची तूट आढळली. व्हाउचर तपासणी बाकी आहे. तपासणीच्या अधीन राहून रक्कम भरत आहे." खाली सही, तारीख, वेळ, आणि प्रत आपल्याजवळ. यात भांडण नाही, आवाज नाही. आमच्याकडे अशी रक्कम तपासणी होईपर्यंत 'सस्पेन्स' नावाच्या तात्पुरत्या खात्यात टाकायचे, तुमच्याकडची पद्धत काय ते तुझ्या युनियनच्या माणसाला किंवा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला विचारून ठेव, पुढच्या वेळी विचारायला सवड नसते. गंमत म्हणजे लिहायला बसलं की डोकं आपोआप थंड व्हायला लागतं, कारण वाक्य पुरं करायचं असतं.

साहेबांशी अजून बोलली नसशील तर बोल. महिना झाला म्हणून सोडू नकोस. सकाळी कॅश उघडायच्या आधी, केबिनमध्ये, एकट्याने, उभ्या उभ्या. "साहेब, पैसे मिळाले. पण त्या दिवशी चौघांदेखत चोरीचा संशय घेतलात, आणि मिटवताना मात्र मला एकटीला 'मिळाले ना' म्हणालात. ते चौघांदेखत मिटायला हवं होतं." एवढं बोल नि ये. ते माफी मागतील या आशेने जाऊ नकोस. बहुतेक ते म्हणतील, "अहो, मनावर काय घेता." म्हणू देत. त्या क्लार्कशी मात्र वाकडं धरू नकोस. १२ चे २१ करणारा माणूस चोर नसतो, थकलेला असतो. उद्या ते तुझ्याही हातून होईल, माझ्या हातून दोनदा झालंय.

मुलाचं सगळ्यात शेवटी लिहितेय, कारण पत्रात तूही ते एका ओळीत उरकलंस. माझा अंदाज, ९,००० पेक्षा ती थोबाडीत तुला जास्त टोचतेय, म्हणूनच महिनाभराने पत्र लिहिलंस.

त्याच्याशी बोललीस का? नसशील तर आज बोल. सॉरीच्या जागी चॉकलेट देऊ नकोस, मुलांना तो व्यवहार बरोबर कळतो. आणि त्याला बँक, सर्व्हर, साहेब काही समजावू नकोस. "त्या दिवशी तुला मारलं ते चुकलं. मला दुसऱ्याच कुणाचा तरी राग आला होता आणि तो तुझ्यावर निघाला. तुझं फक्त दूध सांडलं होतं." एवढं पुरे. तो कदाचित "कधी?" असं विचारून खेळायला पळेल. पळू दे. माझ्या लेकीला मी नोटबंदीच्याही खूप आधी, ती सहावीत असताना, असंच एकदा धपाटा घातला होता, ऑडिटच्या आठवड्यात. सॉरी म्हणायला मला सोळा वर्षं लागली. तिच्या लग्नाच्या आदल्या रात्री म्हटलं तर ती म्हणाली, "आई, निळ्या फ्रॉकच्या दिवशी ना?" फ्रॉकचा रंग मला आठवत नव्हता.

घरी शिरण्याआधी मधे काहीतरी ठेव. स्कूटी लावलीस की लगेच किल्ली काढून जिना चढू नकोस. दोन मिनिटं तिथेच बस, हेल्मेट घालूनच बस, कुणी हाक मारणार नाही. मिस्टरांना सांगून ठेव, "आजचा दिवस वाईट गेलाय, अर्धा तास मला काही विचारू नका" असा मेसेज आला की मुलाला घेऊन त्यांनी खाली जायचं. जो माणूस फोनवर एक प्रश्न न विचारता नऊ हजार घेऊन बँकेत येतो, तो एवढं नक्की करेल. तुझ्या पत्रात त्या दिवसात चांगलं घडलेलं तेवढं एकच दिसलं मला, आणि तू ते अपमानाच्या खात्यात लिहून टाकलंयस. जरा पुन्हा तपास.

उसाची बिलं पुन्हा जमा होतील तेव्हा रांग लागणारच आहे. त्या सकाळी मुलाला शाळेत कोण सोडणार ते आदल्या रात्रीच ठरव, आणि गॅसची दुसरी टाकी आजच नोंदव.

— तुझी मावशी