फूड प्रोसेसर घ्यावा की सुरी-विळीच बरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बदली होऊन इंदूरला आलात, घरात सहा माणसं, तुम्ही दोघंही नोकरीवर, आणि सासूबाईंना संधिवातामुळे आता विळीवर बसवत नाही. तर फूड प्रोसेसर घ्यावा का, वेळ खरंच वाचतो का, आणि यंत्राने चव बिघडते म्हणतात त्यात तथ्य आहे का. मी राजेंद्र नगरात राहते. गेली अकरा वर्षं प्रोसेसर वापरते आहे, आणि विळी, सुरी, किसणी यांतलं काहीही माळ्यावर टाकलेलं नाही.

घ्या. पण भाजी चिरायला म्हणून घेऊ नका.

आपल्या स्वयंपाकात नुसतं 'कापणं' असं काम फार थोडं असतं. आपण मेथी चिरतो, गाजर किसतो, नारळ खवतो, मिरची ठेचतो, दाणे कुटतो, वाटण वाटतो, काकडी चोचवतो. शब्द वेगळे आहेत कारण प्रत्येक वेळी पातं किंवा दगड पदार्थाशी वेगळं वागतो, आणि जिभेला ते कळतं. प्रोसेसरचं मुख्य पातं मात्र एकच करतं, गरगर फिरून समोर येईल त्यावर आदळतं. कुटायच्या, मळायच्या कामाला ते उत्तम. चिरायच्या कामाला नाही.

हे मी कांद्यावर शिकले. नवीन यंत्र आलं त्याच महिन्यात आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी चाळीस माणसांचे पोहे माझ्याकडे होते. इंदूरचे पोहे म्हणजे वाफेवर ठेवलेले, वर शेव, जीरावण (इंदुरी मसाल्याची पूड) आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. दोन किलो कांदे मी यंत्रात फिरवले. पाच मिनिटांत काम झालं आणि मी खूष. पण अर्ध्या तासाने पातेल्यात खाली बोटभर पाणी सुटलेलं, कांदा मऊ पडलेला, वास इतका उग्र की झाकण उघडवेना. पोह्यांवर घातला तशी शेव भिजली आणि तोंडात कडवटपणा राहिला. लोक काही बोलले नाहीत, पण निम्म्या बशांमध्ये कांदा बाजूला सारलेला दिसला. मला फार वाईट वाटलं होतं.

कारण साधं आहे. कांद्यात तो उग्रपणा आधीपासून तयार नसतो. गंधकाची संयुगं पेशीच्या एका भागात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या भागात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. धारदार सुरी वाटेतल्या थोड्याच पेशी फोडते. यंत्राचं पातं आजूबाजूच्या पेशीही चेचत जातं. म्हणून रस सुटतो, उग्रपणा वाढतो. असा कांदा परतायला घेतला तरी अडचण. त्यातलं पाणी आटेपर्यंत कढईतला कांदा नुसता शिजत राहतो, तांबूस रंग धरत नाही. कोशिंबिरीचा, पोह्यांचा, भज्यांचा कांदा हातानेच चिरा. रस्स्यासाठी वाटणच करायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी उभा चिरून परता आणि मग फिरवा.

कोथिंबिरीचंही तेच. यंत्रात ती ओली आणि काळपट होते, वड्या थापायला घेतल्या की पीठ सैल पडतं. धुऊन, पंचावर पसरून पूर्ण कोरडी करायची आणि जुडी घट्ट धरून एकदाच चिरायची. त्याच्यावरून पुन्हा पुन्हा सुरी चालवायची नाही.

काकडीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण ही पद्धत नव्या घरांतून जाते आहे. खमंग काकडीला काकडी किसून चालत नाही आणि चौकोनी तुकडेही चालत नाहीत. ती चोचवावी लागते. सोललेली काकडी डाव्या तळहातावर आडवी धरायची, बोटं खाली वळवून. उजव्या हातातल्या सुरीने तिच्या अंगावर जवळजवळ, हलके, उभे घाव घालायचे, टक टक टक, आणि दर पाच-सहा घावांनी काकडी थोडी फिरवायची. घाव वरवरचे हवेत, आरपार नको. चारी बाजू झाल्या की सुरी आडवी धरून वरचा थर पातळ कापून घ्यायचा. खाली लहान-मोठे, कोरडे, करकरीत तुकडे पडतात. पुन्हा घाव, पुन्हा थर, बियांपर्यंत. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, साखर, वरून तुपाची फोडणी, आणि मीठ पानावर बसायच्या आधी. किसलेल्या काकडीत हेच सगळं घातलं तर पाच मिनिटांत त्याचं पाणी होतं. माझ्या सासूबाई आवाजावरून सांगायच्या की घाव खोल जातोय. मला जमायला वर्ष लागलं, आता माझी मुलगी करते.

इंदूरला आलाच आहात तर भुट्ट्याचा कीस घरी करणारच. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, खाल्ला असेल. पावसाळ्यात चोइथराम मंडीत कणसांचे ढीग लागतात. लोक दाणे सोडवून मिक्सरला लावतात आणि मग म्हणतात सराफ्यासारखा होत नाही. होणारच नाही. कणीस अख्खं धरून किसणीवर किसायचं. दाण्यातला दुधाळ गर किसणीतून खाली पडतो आणि दाण्याची चिवट सालं बरीचशी कणसालाच चिकटून राहतात. मिक्सरमध्ये सालासकट सगळं वाटलं जातं, गर खळीसारखा होतो आणि शिजताना गोळा धरतो. तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग कीस, मंद आचेवर परतत राहायचं, मधून दूध घालायचं, मोकळा होईपर्यंत. नाव कीस आहे, त्यामुळे किसलाच पाहिजे. चार कणसांना दहा मिनिटं लागतात. स्वीट कॉर्नला पाणी फार सुटतं, देशी भुट्टा घ्या, पण कोवळा, नख लावल्यावर दूध येणारा.

आता यंत्राच्या बाजूने, आणि इथे मी तितक्याच मनापासून बोलते आहे.

दाण्याचं कूट. मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो, क्षणभर जास्त फिरला की दाण्याला तेल सुटतं आणि तळाशी गोळा बसतो. प्रोसेसरचं भांडं रुंद, पातं त्या मानाने पुष्कळ सावकाश फिरतं. थांबत थांबत सात-आठ झटके दिले की जाडसर, मोकळं, सारखं कूट मिळतं. साबुदाण्याच्या खिचडीला असंच हवं. हलव्याची गाजरं दोन किलो असतील तर किसण्याची चकती लावा, चार मिनिटांत होतात. हाताने पाऊण तास आणि बोटांची सालं निघतात, चवीत फरक मला तरी कधी जाणवला नाही. पातळ कोबीही चकतीवर छान होतो, कारण चकती आदळत नाही, सुरीसारखीच कापते. हा फरक लक्षात ठेवा: पातं वेगळं, चकती वेगळी.

कणीक हा तर तुमच्या घरासाठी मोठा दिलासा आहे. सहा माणसांच्या पोळ्यांची कणीक मिनिटभरात मळून होते. पीठ, मीठ, चमचाभर तेल घालून यंत्र चालू करायचं आणि वरच्या नळीतून पाणी धारेने सोडायचं. गोळा झाला आणि भांड्याच्या कडा स्वच्छ दिसल्या की लगेच बंद. पुढे फिरवलं तर कणीक गरम होते आणि पोळी वातड. इथला शरबती गहू पाणी जास्त पितो, त्यामुळे पुण्याच्या अंदाजाने घातलंत तर कणीक घट्ट होईल. बाहेर काढून तेलाचा हात लावा, वीस मिनिटं झाकून ठेवा. पोळ्या हाताने मळल्यासारख्याच होतात.

पुरण होतं, पण डाळ बोटाने दाबली तर मेण व्हावी इतकी शिजलेली हवी आणि वाटल्यावर चाळणीतून काढायलाच हवं. एक अख्खी डाळ राहिली तरी पोळी लाटताना तिथेच फाटते.

वेळेचं म्हणाल तर मी घड्याळ लावून पाहिलं आहे. अर्धा किलो कोबी मला विळीवर सहा-सात मिनिटं लागतात. यंत्रात एक मिनिट. पण भांडं, झाकण, दट्ट्या, दांडा, चकती काढून जोडायचं, नंतर धुऊन पुसून ठेवायचं, यात आठ मिनिटं जातात. म्हणजे रोजच्या पाव-अर्ध्या किलो भाजीला सुरीच जलद. किलोच्या वर गेलं की यंत्र जिंकतं. शिवाय इंदुरात बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं. पाच सुटे भाग रोज धुणं टाकीला परवडत नाही. मी आठवड्यातून दोनदा यंत्र बाहेर काढते आणि एका दमात कामं उरकते: आधी कोरडं कूट, मग खोबरं, मग गाजर-कोबी, शेवटी कणीक. या क्रमाने गेलं तर मध्ये फक्त पुसावं लागतं. आणि पातं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, फेसात दिसत नाही आणि बोट कापतं.

चिरताना त्रास होतो असं वाटत असेल तर आधी सुरीची धार बघा. पिकलेला टोमॅटो न दाबता सालातून आत गेली पाहिजे. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ती निसटते, आणि चिरतानाच्या बऱ्याच जखमा अशाच होतात. आमच्या गल्लीत अजून 'चाकू-कैंची तेज करा लो' म्हणत धारवाला सायकल घेऊन येतो, तोवर घरी धारेचा दगड ठेवा. एक वीतभर पात्याची सुरी, एक लहान, आणि लाकडी पाट एवढं पुरतं. काचेच्या पाटाने धार फार लवकर जाते. लोखंडी विळी वापरत असाल तर लिंबू-टोमॅटो झाल्यावर लगेच धुऊन कोरडी करा. गराडू (इथला तळून खायचा कंद) चिरताना हाताला तेल लावा, खाज येते.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते प्रोसेसर घ्यायचं खरं कारण तेच आहे. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बोटांचे सांधे सुजायला लागले आणि विळी सुटली तेव्हा त्या स्वयंपाकघरात यायच्याच थांबल्या होत्या. दाराशी उभ्या राहून मी काय करते ते बघायच्या आणि परत जायच्या. मला ते सहन होईना. मग मी रात्रीच भांड्यात भाजलेले दाणे घालून झाकण लावून ठेवायला लागले. एकादशीला सकाळी त्या येतात, तळहाताच्या टाचेने खटका दाबतात, कान देऊन ऐकतात, थांबवतात, परत दाबतात. कूट किती जाड ठेवायचं हे आमच्या घरात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. खिचडी आता पुन्हा त्यांचीच असते.

म्हणून दुकानात त्यांनाच घेऊन जा. वॅट आणि जोडभागांची यादी दुकानदार सांगेलच, त्यात फार अडकू नका. बऱ्याच यंत्रांत झाकण फिरवून पक्कं बसल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण काही झाकणं इतकी घट्ट असतात की धडधाकट माणसालाही दोन हात लागतात. आमचं तसंच आहे, म्हणून मला ते रात्री लावून ठेवावं लागतं. सासूबाईंना स्वतःच्या हाताने झाकण लावू द्या, काढू द्या, खटका दाबू द्या. ज्याचं झाकण त्यांना उघडता येईल, ते घ्या.